पूर्वेस उतू गेलेल्या दुधाची आणि न पोचलेल्या नावाची हकीकत

श्री.

जो दिसत नाही, परंतु ज्यावाचून दूरचे काहीच दिसत नाही. जो भिंतीतून येतो आणि भिंतीशीच अडतो. ज्यास हात नाहीत, पाय नाहीत, केवळ उभ्या काड्या आहेत आणि त्याही बहुधा विझलेल्या असतात, त्या निराकार जोडणीस आधी दंडवत. मग थोरांस. मग ऐकणारांस. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, शुद्ध पक्षी एका राज्याची राजधानी हालली, ते समयी काय जाहले, कोण काय बोलिले आणि काय बोलावयाचे राहिले, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही.

राज्य लहान होते. एका सोसायटीचे तिसरे मजल्यावरी दोन दालने, एक मुदपाकखाना आणि एक सज्जा, त्यात कपडे वाळत. राजे दिगंबरराव पूर्वी शाळेत गणित शिकवीत. हात जड आणि पंचांगावर भरवसा दांडगा. राणीसाहेब कैलासवासी जाहल्या तेव्हा धाकटे राजपुत्र हृषीकेश दुधाचे दात पाडीत होते, आणि तेव्हापासोन कारभार थोरल्या कन्या वृंदाराजे यांनी पाहिला. त्यांनी भावाचे डबे भरिले, आणि भावाचे तापात उशाशी बसल्या, आणि परीक्षेस पोचविले, आणि मग विमानतळावर पोचविले, आणि माघारी एकट्या आल्या. मधल्या काळात त्यांचे लग्नाचा विषय कधी निघे, मग निघेनासा जाहला. त्याची नोंद कोणी ठेविली नाही, आम्हीही ठेवीत नाही. हृषीकेश सातासमुद्रापलीकडे बर्फाचे मुलखी राहिले, तेथेच गार्गीबाईंशी संसार मांडिला, आणि बहीणभावांचे बोलणे रोज पडद्यावर होऊ लागले. ते बोलणे ज्या पेटीतून येई तीस वायफायचा डबा म्हणत. राज्यात देवघराखालोखाल त्या डब्यास मान होता. त्याचे अंगावर कोणी पिशवी टांगीत नसे, आणि राजे स्वतः त्यावरील धूळ धोतराचे सोग्याने पुशीत.

मग त्या वर्षी हृषीकेशांस कन्या जाहली, आणि एके दिवशी पडद्यावर ते म्हणाले, "ताई, बारसं करतोय. नाव तू ठेवायचंस."

"मीच ठेवणार. आत्या कोण आहे?"

"तसं नाही गं. आम्ही ठरवलेलंच नाही काही. तूच ठरव. आणि आम्हाला आधी सांगू नकोस. मी फोन लावतो तिच्या कानाला, तू डायरेक्ट तिला सांग. सगळ्यांत आधी तिला कळू दे, मग आम्हाला."

वृंदाराजे पडद्याकडे पाहातच राहिल्या.

"ताई? अडकलीस का? नेट गेलं?"

"नाही रे. आहे मी."

आत्याने कुर्रर्र म्हणोन बालकाचे कानी नाव सांगावे, आणि ते समयी जमल्या बायकांनी आत्याचे पाठीत गुद्दे घालावे, ऐसी वहिवाट सर्वांस ठाऊक आहे. तीस अनुसरून हृषीकेश म्हणाले, "इथे सगळ्या जणी फोनच्या पाठीत गुद्दे घालायला टपून बसल्यात."

"फोनला लागून काय उपयोग? माझी पाठ इथे कोरडीच राहणार."

"आबा आहेत की!"

"नको रे बाबा. आबांचे धपाटे तू विसरलास, मी नाही."

आणि दोघे हसले. मग वृंदाराजे यांनी नाव ठरविले. कोणते ते कोणास सांगितले नाही. कणीक मळताना त्या नावाने मनात हाक मारीत, आणि दळण आणावयास जाताना मारीत, आणि एकदा तर जिन्यावर मोठ्याने निघून गेली, तेव्हा आपणच दचकोन मागे पाहिले की कोणी ऐकिले तर नाही. कोणी ऐकिले नव्हते.

इकडे इमारत जुनी जाहली, पाडोन नवी बांधावी ऐसा ठराव जाहला, सर्वांनी गड खाली करावा म्हणोन चिठ्ठ्या लागल्या, आणि राजांनी नगराबाहेर नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर घेतले. मग राजे पंचांग घेऊन बसले, आणि खलबत जाहले ते असे.

राजे म्हणाले, "पंचमीला सकाळी उत्तम मुहूर्त आहे. गृहप्रवेश त्यावरच. आणि बारसंही त्यावरच."

"आबा, दोन्ही एकदम?"

"त्यात काय? एक मुहूर्त, दोन कार्यं. दोन्ही हातांत मोदक."

"तिथे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते."

"असेना. सूर्य काय दोन आहेत?"

"मग असं करू. सकाळी बारसं इथूनच करू, इथे नेट चांगलं आहे. ते झालं की निघू. गृहप्रवेशाला दुसरा दिवस बघा."

"वृंदे, माझ्या नातीचं नाव पाडायला काढलेल्या घरातून? काही तरी अभद्र बोलू नकोस."

"आणि नव्या घरात नेट नसलं तर?"

"नसायला काय झालं? भिंती आहेत, छप्पर आहे. आणि ते हवेतच असतं ना?"

आणि राजांनी लगोलग मुलास फोन लाविला, आणि बजाविले, आणि पुन्हा बजाविले, की काही झाले तरी मुहूर्त टळता कामा नये. हृषीकेश हो म्हणाले. राज्य येथेच बुडाले. पुढे लिहिले आहे ती केवळ बुडण्याची रीत.

मग वृंदाराजे यांनी जोडणी हालविण्याची तजवीज मांडिली. जुन्या डब्याची जी कंपनी, तीस विनंती केली. कंपनीने आधी वाद्ये वाजविली. मग एक पुरुष म्हणाला की आपला कॉल आम्हांस मोलाचा आहे, आणि मग पुन्हा वाद्ये. वृंदाराजे यांनी तो फोन कानाशी धरोन भांडी कागदात गुंडाळिली, पुस्तके खोक्यात भरिली, भिंतीवरील राणीसाहेबांची तसबीर उतरविली, वाद्ये चालूच. शेवटी एक बाई आतून बोलिली, "मॅडम, सिस्टीममध्ये पत्ता दिसत नाहीये."

"कोणता? जुना की नवा?"

"दोन्ही, मॅडम."

"अहो, मी आत्ता जुन्या पत्त्यावर उभी राहून बोलतेय तुमच्याशी."

"हो मॅडम. पण तो बंद दाखवतोय. आणि नवा अजून तयार नाहीये."

म्हणजे जुना पत्ता मेला आणि नवा उपजला नाही, आणि मधल्या ठिकाणी एक बाई फोन घेऊन उभी, ऐशी स्थिती. तेव्हा वृंदाराजे यांनी नव्या मुलखातला केबलवाला सिद्राम यास गाठिले. सिद्राम मोटारसायकलवर फिरे, खांद्यास तारेचे भेंडोळे, तोंडात सुपारी. त्यास चहा दिला, सारी हकीकत सांगितली, आणि विनविले की त्या सकाळी जोडणी मिळालीच पाहिजे.

"बारसं आहे व्हय? मग काय बोलताच ताई. आमच्या भाचीचं पण व्हिडिओवरच केलं."

"याल ना नक्की?"

"आलोच समजा."

या दोन शब्दांवर वृंदाराजे यांनी सारा भार टाकिला, कारण टाकावयास दुसरे काही नव्हते. आणखी एक तजवीज होती ती आपल्या मोबाइलची. डबा न लागला तर मोबाइल तरी आहेच, ऐसे त्या मनाशी म्हणत. अकराव्या मजल्यावर उभे राहोन मोबाइल लागतो की नाही हे पाहावयाचे राहोन गेले. घर पाहावयास गेले तेव्हा सर्वांनी ओटा पाहिला, दिशा पाहिली, नळास पाणी येते का ते पाहिले. हवेत काय आहे ते कोणी पाहिले नाही.

पंचमीस पहाटे कूच जाहले. हमालांनी कपाट उतरविले, पलंग उतरविला, आणि एकाने खोक्यांबरोबर वायफायचा डबाही तारेसकट ओढोन काढिला. त्यातील हिरवा दिवा भिंतीपासोन सुटता सुटता एकदा लुकलुकला आणि गेला. वृंदाराजे यांनी वरवंटा मात्र कोणाचे हाती दिला नाही. बारशास वरवंट्यास न्हाऊ घालोन, टोपडे घालोन, बाळाजवळ पाळण्यात ठेवितात. आणि इकडे बाळ नाही, तेव्हा निदान वरवंटा असावा, ऐसे त्यांचे मनात. तो आईचे हातचा वरवंटा. तो त्यांनी पदरात धरिला, मांडीवर घेतला, आणि गाडीत हमालाशेजारी बसल्या, आणि मग गाडी निघाली आणि

[येथे दोर तुटला. मजकूर गेला. गेला तो वाटेचा मजकूर होता. त्यात एक आरसा फुटला, बाकी विशेष नाही.]

श्री. दोर पुन्हा लागला. निराकारास दंडवत.

आणि नव्या किल्ल्याचे दारी पोचले. किल्ला उंच होता, चकचकीत होता, आणि त्यात माणूस नव्हते. बहुत घरे अद्याप बंद, दरवाजांवर प्लास्टिक तैसेच. कायमची वीज यावयाची होती. तोवर बिल्डरने खालून एक तात्पुरती लाइन ओढिली होती, तीवरच दिवे, तीवरच लिफ्ट. घरात एकच बोर्ड जिवंत. त्यास राजांनी एक लांब वायरीचा बोर्ड जोडोन तो दिवाणखान्याचे मध्ये आणोन ठेविला. गॅस आला नव्हता. परंतु नव्या घरी आधी दूध उतू जाऊ द्यावे लागते, सबब राजांनी विजेची शेगडी आणिली होती. आणि मग, कोणास खरे वाटणार नाही, सिद्राम आला. वेळेवर आला. भिंतीस भोक पाडिले, तार ओढिली, नवा डबा त्याच लांब बोर्डास लाविला, आणि डब्यात एक दिवा तांबडा जाहला, मग पिवळा, मग हिरवा.

"बघा ताई. ग्रीन लाइट. आता चंद्रावर फोन लावा."

वृंदाराजे यांनी फोन लाविला, आणि लागला. आणि पडदा भरोन हृषीकेश दिसले, झब्बा घातलेले, आणि मागे गार्गीबाई, त्यांची बहीण, त्यांची आई, आणि फुगे, आणि पाळणा, आणि खिडकीबाहेर पांढरे बर्फ. मग त्यांनी बाळास पुढे धरिले. राजांनी चष्मा सरसाविला आणि म्हणाले, "अरे! हिचं नाक तर आपल्याकडचं."

"आबा, बाळांना नाक नसतंच, नुसती दोन भोकं असतात."

"ती भोकं आपल्याकडची आहेत."

आणि इकडे तिकडे सारे हसले. ते हसणे इकडून तिकडे विनाअडखळ गेले, आणि तिकडून इकडे आले. राज्याचे सुखाचा काळ तो इतुकाच. सिद्राम सुपारी चघळीत उभा राहिला, म्हणाला, "थांबतो जरा, आमाला पण बघू द्या." वरवंटा पाटावर मांडिला, त्यास टोपडे चढविले, हळदकुंकू लाविले. हमाल कपाट लिफ्टमध्ये घालोन वर पाठवीत होते. राजांनी शेगडी पेटविली, पातेल्यात दूध ओतिले, आणि पातेले ऐसे मांडिले की दूध पूर्वेसच उतू जावे. पूर्वेस दूध उतू गेले तर भरभराट होते. पूर्वेस तो लांब बोर्ड होता.

वृंदाराजे म्हणाल्या, "आबा, शेगडी जरा मागे घ्या. बोर्ड तिथेच आहे."

"मागे पश्चिम येते."

"मग बोर्ड हलवते."

"हलवू नकोस, आता लागलंय ते सुटेल. तूच म्हणत होतीस ना, नेट जाता कामा नये?"

"मग दूध नंतर तापवा. आधी नाव होऊ दे."

"मुहूर्त एक आहे, वृंदे. तू तिकडे कुर्रर्र म्हण, मी इकडे दूध बघतो. कसं जुळून येतं बघ."

आणि पडद्यातून हृषीकेश ओरडले, "ताई, कानाला लावतोय हं! ए, गप्प बसा रे सगळे!" मग पडद्यावर एक कान आला. चिमुकला, तांबूस, त्यावर एक केस आडवा. वृंदाराजे यांनी फोन दोन्ही हातांनी धरिला, तोंडाजवळ आणिला, डोळे मिटिले. मागे राजे म्हणाले, "आलं, आलं, वर आलं!" आणि वृंदाराजे म्हणाल्या, "कुर्रर्र", आणि

[येथे दोर तुटला.]

पुन्हा श्री.

राज्ये तोफांनी बुडतात, फितुरीने बुडतात, दुष्काळाने बुडतात. हे दुधाने बुडाले. दूध वर आले आणि पूर्वेस गेले, आणि फरशीचा उतारही कारागिरांनी पूर्वेसच दिला होता, तेणेकरून ते पूजेचे पाणी जावे तैसे शांतपणे बोर्डात शिरले. फट् ऐसा एकच आवाज जाहला, बोर्डातून धूर आला, आणि घराची वीज गेली, आणि मग तात्पुरत्या लाइनीची वीज गेली, आणि मग साऱ्या किल्ल्याची. खाली लिफ्ट मध्येच थांबली. आत राज्याचे कपाट दोन मजल्यांमध्ये लोंबत राहिले. डब्यातला हिरवा दिवा विझला. खोलीत उजेड होता, सकाळ होती, उन्हाचा पट्टा फरशीवर सांडलेल्या दुधावर पडला होता. त्या उजेडात सर्वांस सर्वांची तोंडे दिसली.

सिद्रामाने डबा हुंगिला. "भाजला, ताई. दुसरा आणावा लागतोय."

"किती वेळ?"

"आलोच समजा," ऐसे म्हणोन तो जिना उतरोन गेला.

मग मोबाइल. वृंदाराजे यांनी मोबाइल पाहिला तो एकही काडी नाही. दिवाणखान्यात नाही, मुदपाकखान्यात नाही. न्हाणीघरात एक आली, तीही हात वर करिताच गेली. मग राजांनी खिडकी उघडिली, वृंदाराजे यांनी हात बाहेर काढिला, आणि दोन काड्या आल्या. फोन लागला. पडद्यावर हृषीकेश आले, परंतु तोंड अर्धे उघडे तैसेच थिजलेले, आणि आवाज मात्र येत होता. "ताई? ताई, दिसत नाहीयेस. ऐकू येतंय का? काय झालं?"

"हृषी, थांब! दूध सांडलं! थांबा जरा!"

"ताई? काहीच ऐकू येत नाहीये. अगं, इथे बर्फाचं वादळ यायला लागलंय, लोकांना निघायचंय." मागे बाळ रडत होते, आणि कोणी म्हणत होते की उचला तिला, भूक लागली असेल.

राजे म्हणाले, "ओरडून सांग! नाव ओरडून सांग!"

वृंदाराजे म्हणाल्या, "नाव कानात सांगतात, आबा."

"मग मेसेज टाक!"

"नाव कानात सांगतात."

आणि फोन गेला. मग त्या पळाल्या. लिफ्टपाशी कपाट अडकलेले, तेव्हा जिना धरिला. जिना नवा, त्यास कठडा अद्याप बसविला नव्हता, पायरीपायरीस सिमेंटची भुकटी. त्या एका हाताने भिंत धरीत उतरल्या, आणि दर मजल्यावर थांबोन काड्या पाहिल्या, नाहीत, मग पुढे. वाटेत त्यांचा निश्चय मोडिला. अर्ध्या जिन्यात बसोन त्यांनी ते नाव भावास लिहिले. इतके दिवस जे मनात होते ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिले. पडद्यावर ते फार लहान दिसले. आता कान नाही तर नाही, निदान अक्षरे तरी पोचोत, ऐसे म्हणोन त्यांनी पाठवावयाचे चिन्हावर बोट नेले. तरी बोट टेकेना. काडी आली की पाठवीन, ऐसे ठरवोन त्या उठल्या, आणि पुन्हा पळाल्या, आणि तळमजल्यास आल्या, आणि फाटकाबाहेर वाळूचे ढिगाऱ्यापाशी उभ्या राहिल्या, आणि तेथे साऱ्या काड्या एकदम उगवल्या. बोट टेकणार तो फोनच वाजला.

"ताई! अगं काय झालं होतं? आम्ही घाबरलो."

"काही नाही रे. दूध उतू गेलं आबांचं. आता बोल, लाव कानाला. आहे मी. इथे अगदी स्वच्छ येतंय."

पडद्यावर हृषीकेशांनी मागे पाहिले. मागे लोक कोट घालीत होते.

"ताई... अगं, झालं."

"काय झालं?"

"नाव झालं. आबांनीच ना दहादा बजावलं, मुहूर्त टळता कामा नये? संपतच आला होता. सगळे म्हणाले, आता थांबून चालणार नाही. मग गार्गीच्या ताईनं घेतलं. मावशी तर मावशी, म्हटलं."

वाळूवर एक कुत्रे निजले होते. ते उठले, जागा बदलोन पुन्हा निजले.

"बरं केलंत," वृंदाराजे म्हणाल्या. "काय ठेवलं?"

"नायरा. तिला एकदम सुचलं. छान आहे ना?"

"छान आहे."

"तू रागावलीस?"

"वेडा आहेस का?"

"तू काय ठरवलं होतंस गं?"

बोलणे चालू असता बोटाने पडदा सरकविता येतो, आणि खाली मघाचा मजकूर तैसाच असतो. वृंदाराजे यांनी तो पाहिला. मग त्यांनी शेवटले अक्षर खोडिले, आणि त्याआधीचे खोडिले, आणि ऐसे करीत मागे मागे गेल्या, आणि म्हणाल्या, "हेच."

"काय?"

"हेच ठरवलं होतं रे मी. नायरा."

"काय सांगतेस! ताई! अगं गार्गी, ऐक, ताईनं पण हेच ठरवलं होतं!" आणि तिकडे मोठा आनंद जाहला, टाळ्या जाहल्या. हृषीकेशांनी फोन तोंडाजवळ आणिला. ते म्हणाले, "म्हणजे नेट नव्हतं तरी पोचलं की नाही? म्हणजे नाव तूच ठेवलंस."

"हो. मीच ठेवलं. जा आता, लोकांना पोचवून ये, बर्फात जपून चालव."

आणि जोडणी एकदाही तुटली नाही. अक्षर न् अक्षर स्वच्छ गेले.

मग वृंदाराजे जिना चढल्या. चढताना काड्या पाहिल्या नाहीत. वर राजे गुडघ्यांवर बसोन आपले उपरण्याने दूध पुशीत होते, पुसले ते पिळीत होते, आणि पुन्हा पुशीत होते. त्यांनी मान वर न करिता विचारिले, "लागला?"

"लागला."

"सांगितलंस नाव?"

"नाव झालं, आबा. नायरा."

"म्हणजे काय?"

"मला नाही माहीत."

राजे गणिताचे. एवढी वजाबाकी त्यांस आली. त्यांनी उपरणे खाली ठेविले, पूर्वेस पाहिले, जळक्या बोर्डाकडे पाहिले. म्हणाले, "मुहूर्तावर झालं?"

"हो. अगदी मुहूर्तावर."

खाली हमाल ओरडत होते की कपाटाचे काय करायचे. पाटावर वरवंटा टोपडे घालोन बसला होता, कपाळी हळदकुंकू, अंगावर दुधाचे चार थेंब. वृंदाराजे त्याजपाशी जाऊन बसल्या. टोपडे किंचित सरले होते, ते नीट केले, बंद बांधिले. मग वाकल्या, दगडाचे कान जेथे असावे तेथे तोंड नेले, हाताचा आडोसा केला, आणि म्हणाल्या, "कुर्रर्र." आणि नाव सांगितले. ते आम्ही येथे लिहिले असते. परंतु त्या फार हळू बोलिल्या. सबब जागा सोडिली आहे:

__________

मागे राजे उठोन आले. गुडघे दुधाने भिजलेले. त्यांनी तो जड हात उचलिला, हवेत धरिला, आणि लेकीचे पाठीत गुद्दा घातिला. कापूस पडावा तैसा पडला. मग दुसरा. मग जितक्या बायका असावयास हव्या होत्या आणि नव्हत्या, त्यांचे वाटचे एकेक. वृंदाराजे यांनी पाठ हालविली नाही. दर गुद्द्यागणिक त्या थोड्या अधिक वाकत गेल्या, तो कपाळ वरवंट्यास टेकले. राजे म्हणाले, "लागतंय का गं?" त्या म्हणाल्या, "नाही, आबा."

दिवस कलताना सिद्राम खरेच आला, दुसरा डबा घेऊन. वीज आली, लिफ्ट हालली, कपाट सुटले. दिवा तांबडा जाहला, पिवळा जाहला, हिरवा जाहला. तो म्हणाला, "घ्या ताई, लावा आता फोन. बारसं करून टाका." वृंदाराजे यांनी त्यास पाणी दिले, ते पिऊन तो गेला.

सारांश. जुना किल्ला पडला, नवा मिळाला. दूध पूर्वेस उतू गेले, शास्त्राप्रमाणे. मुहूर्त टळला नाही. कन्या नायरा बर्फाचे मुलखी सुखरूप असे, आणि हे नाव आत्यानेच ठेविले ऐसे ती मोठी होऊन सर्वांस सांगेल. दुसरे एक नाव चटणी वाटणाऱ्या दगडापाशी आहे, त्यास कोणी हाक मारीत नाही. त्या राज्याची जोडणी तेव्हापासोन एकदाही तुटलेली नाही, रोज बोलणे होते, चित्र स्वच्छ येते, आणि वृंदाराजे रोज विचारितात की बाळ जेवले का. लिहावयाचे ते लिहिले. हिरवा दिवा जळतो आहे.